डाव्या अंगाचं पायदान

डोमाजी कापगते यांची गाडी उंच करायची, हा विषय दिवाळीत निघाला आणि होळी तोंडावर आली तरी संपला नव्हता. एवढ्या दिवसांत लोक पोरीचं लग्न ठरवतात, लावतात आणि तिच्या सासरचं पहिलं भांडणही मिटवून येतात.

गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली जुनी पिकअप. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा डाला. सरकारी लिलावातून घेतली त्याला पंधरा वर्षं झाली. डोमाजींचं गाव सानगडीहून आत, आणि शेत गावाहून आणखी आत, नाल्यापलीकडे जंगलाला लागून. नाला उतरून पांदणीला, शेताच्या अरुंद वाटेला, लागलं की खडकाचा एक कुबडा येतो. त्या कुबड्यावर एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली धानासकट उलटली होती, तेव्हापासून डोमाजींनी ट्रॅक्टरचं नाव घेतलं नाही. गाडीवर त्यांचा जीव होता आणि गावाचं कामही होतं. कोणाच्या बैलांसाठी तणस आणा, कोणाचे पोते न्या. तेव्हा गाडी खालून लागते म्हटल्यावर ती उंच करावी, यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते चार महिने नुसतं बोलत बसणं.

पण ते बोलणंच तर हवं होतं.

डोमाजींचा मुलगा भूपेंद्र चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. रुखमा, म्हणजे त्याची आई, होती तोवर दर रविवारी नऊला त्याचा फोन यायचा. माय-लेकरू तासभर बोलत. कोंबडी खुडूक बसली इथपासून सून रंजिता वरणात हिंग किती घालते इथपर्यंत. शेवटी रुखमा म्हणायची, "घे, तुझ्या बाबासंग बोल." मग संवाद व्हायचा तो असा.

"बरा आहे?"

"हो. तुमी?"

"बराच आहो. पाणी आलं का तिकडं?"

"आलं."

"बरं, घे, मायजवळ देतो."

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तापाचं निमित्त होऊन रुखमा चार दिवसांत गेली. त्यानंतर फोन मायजवळ द्यायची सोय उरली नाही. बोलणं दीड मिनिटावर आलं. मग रविवार चुकायला लागले. दोघांत वैर नव्हतं, राग नव्हता. बापलेकाला एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती, कारण ते काम घरात एका बाईकडे दिलेलं होतं. बऱ्याच घरांत देतात, आणि बाई गेली की मग भिंतीकडे पाहत बसतात.

गेल्या दिवाळीला भूपेंद्रला सुट्टी मिळाली नाही. पाडव्याला त्याचा फोन आला. बरा आहे, बराच आहो, एवढं झाल्यावर काही सुचेना, म्हणून डोमाजी म्हणाले, "गाडी खालून लागून राहिली बाप्पा."

आणि पलीकडचा आवाज एकदम जागा झाला. "कुठं? रिकामी का भरलेली? मागून का पुढून?"

त्या दिवशी फोन बावीस मिनिटं चालला. ठेवल्यावर डोमाजींनी तो कानाला लावून पाहिला, गरम झाला होता.

तेव्हापासून रविवार चुकला नाही. भूपेंद्र आठवडाभर वाचून ठेवायचा आणि डोमाजी आठवडाभर विचारून ठेवायचे. प्रश्न ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत, आणि तीन सुचले तरी एकच विचारत. बाकीचे पुढच्या रविवारला राखून. बियाणं राखावं तसे.

पहिल्यांदा निघालं की चाकांवरच्या कमानीत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पाटा वाढवावा. डोमाजी साकोलीला जाऊन कमानीवाल्याला विचारून आले.

"तो म्हणते, वाढवून देतो. दोन इंच वर येईल," त्यांनी सांगितलं.

"येईल ना बाबा. पण मग कमान कडक होते. डाल्यात वजन असलं तर ठीक, रिकामी असली की दगडासारखी उडते. कंबर जाईल तुमची."

"रिकामी कुठं चालवतो मी?" डोमाजी म्हणाले. हे काही खरं नव्हतं. अलीकडे ते कितीदा तरी उगीच, रिकाम्या डाल्याची गाडी काढून शेतावर जायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून परत यायचे.

पुढच्या रविवारी ठोकळा. चाकांचा आस आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब बोल्टांनी आवळून टाकायचा, हायवेच्या कडेला कोणीही करून देतो. भूपेंद्र भडकला. "त्याच्या भानगडीत पडू नका. खड्ड्यात ठोकळा सरकला तर आस निखळून हाती येते!" मग लांब शॅकलचा विषय निघाला. त्यात कमानीचा लटकता दुवाच लांब करायचा. ते स्वस्त, पण स्टिअरिंग भटकतं. मग चासीस आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी गट्टू घालून नुसती बॉडी उचलायची, हा पर्याय आला. त्यावर दोन रविवार गेले आणि तो भूपेंद्रनंच मोडीत काढला, चासीस होती तिथंच राहील म्हणून. मग मोठे टायर. त्यानं मागच्या आसामधला गिअरचा गोळा जमिनीपासून वर उचलला जातो, म्हणून भूपेंद्रनं विचारलं,

"मागच्या आसाचा गोळा लागून राहिला का?"

"गोळा नाही लागत."

"मग टायर कायले? नेमकं लागते काय, ते तर सांगा."

"डाव्या अंगानं लागते," डोमाजी म्हणाले.

"म्हणजे डाव्या बाजूचे पाटे बसले असतील."

"बसले असतील."

इथं खरं सांगून टाकलेलं बरं. काय लागतं ते डोमाजींना पक्कं माहीत होतं. डाव्या दाराखाली रुखमासाठी लावलेलं पायदान होतं, ते लागत होतं. जुन्या लोखंडी खाटेचे अँगल कापून केलेलं, चांगलं हातभर खाली लोंबणारं. रुखमा ठेंगणी आणि गुडघ्यांनी अधू. केबिनमध्ये चढायला तिला पाट लागायचा, आणि तो पाट प्रत्येक ठिकाणी विसरून यायचा. म्हणून पायदान. ती असतानाही ते कुबड्यावर खर्रकन घासायचं. ती म्हणायची, "दगडाले दिसत नाही का, मी बसून हाये म्हून?"

ते पायदान लागतंय असं सांगितलं की भूपेंद्र म्हणणार, कापून टाका. विषय संपला. डोमाजींना पायदान कापायचं नव्हतं आणि विषयही संपू द्यायचा नव्हता.

माघ सरता सरता भूपेंद्रनं माप मागितलं. जमिनीपासून चासीसपर्यंत नेमकी किती इंच. घरातली टेप गंजून आतच अडकली होती. डोमाजींनी धान मोजायची लोखंडी पायली आणली आणि गाडीखाली पालथी घातली. घालताना त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मान आपोआप दाराकडे वळली. पायली पालथी घालायची नाही, घरातलं धान उठून जाते, हा रुखमाचा कायदा. दारात कोणी नव्हतं. शेजारची आनंदाबाई मात्र कुंपणावरून पाहत होती. रुखमाची ती मैत्रीण, तोंडानं तिखट.

"भाऊजी, गाडीले धान चारून राहिले का?"

"मोजून राहिलो. उंच करायची आहे."

"उंच करून कोण्या स्वर्गात जाणार? खालीच राहा म्हणा, आमी हावोत अजून."

फोनवर डोमाजींनी माप सांगितलं, "लाभ आणि सहा बोटं." धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एवढी सवय की तोंडून तेच गेलं. भूपेंद्र हसला. किती वर्षांनी हसला कोण जाणे. मग त्यानं पायलीची उंची दोरीनं मोजायला लावली, दोरी वहीवर ठेवून त्याच्याच शाळेच्या जुन्या पट्टीनं इंच काढायला लावले आणि हिशेब केला. "साडेबारा भरले. कंपनीच्या हिशेबानं पंधराच्या वर पाहिजे. तीन इंच बसली गाडी! आता अर्धंमुर्धं नाही बाबा, पूर्ण किट घेऊ. चारही कमानी नव्या, शॉकअप लांबवाले, ब्रेकच्या नळ्या लांबवाल्या. मी मागवतो."

"मागवशील. घाई काय आहे?"

"आणि असं करू," भूपेंद्र जरा थांबून म्हणाला, "होळीले मी येतो. दोन दिवस. आपणच बसवू दोघं मिळून. रंजिताही येते म्हणते."

डोमाजी त्या दिवशी जेवायचे विसरले. मग लक्षात आलं तेव्हा उभ्यानंच भात खाल्ला. मुलगा येणार, याचा आनंद होता. आणि मुलगा येऊन गाडीखाली शिरेल, शिरल्याबरोबर त्याला घासलेलं पायदान दिसेल, हेही होतं.

त्या आठवड्यात ते लाखनीला गेले, चंद्रकुमारकडे. चंद्रकुमारचं गॅरेज हायवेच्या कडेला, ट्रकच्या धुरळ्यात. माणूस पन्नाशीचा, हात काळे आणि जीभ मोकळी. डोमाजींना तो मामाजी म्हणतो. गाडीत धानाचे पंधरा पोते होते. खरेदी केंद्रावर नंबर लागायचा होता आणि परत उतरवायचा आळस, म्हणून महिना-दीड महिना ते डाल्यातच होते. मध्ये कोणाचं काम निघालं की पोत्यांवरच सामान टाकून जायचं.

चंद्रकुमारनं सगळं ऐकून घेतलं. पाटा, ठोकळा, शॅकल, किट, तीन इंच.

"मोजली तवा पोते होते का डाल्यात?"

"होते."

"सहाशे किलो?"

"असतील."

चंद्रकुमार गॅरेजच्या पायरीवर बसला आणि पोट धरून हसला. "अवो मामाजी! धानासकट माणूस मोजला तर तोही बसलेलाच भरते! पोरगा तिकडं हिशेब करून मरून राहिला, आणि तुमी पोते भरून माप सांगता?"

पोते उतरवले. गाडी उसासा टाकल्यासारखी वर आली. पुन्हा मोजली, या खेपेला टेपनं. पंधराला थोडं वर. पाट्यांना काही झालं नव्हतं. चंद्रकुमार बॅटरी घेऊन खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "चासीसले तर नखही नाही लागलं जी. जुना चिखल तसाच हाये. हे पाहा काय लागते ते."

डोमाजींना वाकून पाहायची गरज नव्हती, तरी वाकले. पायदानाची खालची कड घासून घासून चांदीसारखी पांढरी झाली होती.

"हे मीच लावलं होतं," चंद्रकुमार बाहेर येत म्हणाला. "मामीजी इथंच उभ्या होत्या. दोनदा काढून खाली घ्यायले लावलं मले. म्हणत, अजून खाली घे रे, मी का बगळी आहो?" तो हसला, मग हसणं आवरलं. "कापतो. पाच मिनिटांचं काम हाये."

"नको."

"मग उचला गाडी. चार इंच उचलली तर पायदान वाचते. पण मग ते एवढं वर जाईल की त्यावर कोणाचाच पाय पुरणार नाही."

"कोणाचा पाय लागते तसाही?" डोमाजी म्हणाले.

चंद्रकुमार चिंधीनं हात पुसत राहिला. चहा आला, डोमाजींच्या हातात तो निवून गेला. शेवटी चंद्रकुमारच म्हणाला, "असं करा. ठेवायचंच तर कापून चार बोटं वर लावून देतो. गाडी राहील तशी, पायदानही राहील, दगडही नाही लागणार. किट नको न काही नको."

इतका सोपा उपाय होता. कोणत्याही रविवारी कोणाच्या डोक्यात आला नव्हता, कारण तो यावा असं कोणाला वाटतच नव्हतं.

"सांगतो," म्हणून डोमाजी पोते भरून निघाले.

रविवारी नऊला फोन आला. "बाबा, किट पाहून ठेवलं. तुमी हो म्हणा, आता टाकतो ऑर्डर. तिकिटंही काढतो."

हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. मुलगा आला असता. दोन दिवस अंगणात दोघं गाडीखाली उताणे पडले असते, एकानं पाना मागितला असता आणि दुसऱ्यानं दिला असता. डोमाजींनी हे सगळं आठवडाभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं होतं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला पायलीभर धान कमी मोजलं नव्हतं. चुकीचं माप चुकून दिलं तर ती चूक. चूक कळल्यावरही तेच माप चालू ठेवलं तर त्याला दुसरा शब्द आहे.

"थांब," ते म्हणाले. आणि सांगितलं. पोत्यांचं सांगितलं, पायदानाचं सांगितलं.

"म्हणजे पाटे बसलेच नाहीत?"

"नाही."

"आणि लागते ते पायदान."

"हो."

"तुमाले माहीत होतं?"

"...हो."

"चार महिने मी..." तो थांबला. "मग कापून टाका ना बाबा. पाच मिनिटांचं काम आहे. बरं, ठेवतो. बाहेर जायचं आहे."

होळीचं त्यानं काही काढलं नाही. डोमाजींनीही नाही.

मंगळवारी ते लाखनीला जाऊन आले. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हा त्यांनी तोंड फिरवून हायवेकडे पाहिलं. नव्या जागी पायदान चांगलं बसलं. जुन्या जागी दोन काळे डाग राहिले. चंद्रकुमार म्हणाला रंग मारून देतो, डोमाजी म्हणाले राहू दे.

परतताना ते घरी न वळता सरळ शेतावर गेले. नाला उतरला, पांदण लागली, कुबडा आला. नेहमीच्या सवयीनं त्यांनी खर्र होण्याची वाट पाहत दात आवळले. गाडी वर चढली आणि पलीकडे उतरली. काहीच झालं नाही. पंधरा-वीस हात पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली आणि मागं वळून त्या दगडाकडे पाहत बसले. ती असताना आणि ती गेल्यावरही त्या जागी गाडीला आवाज होता. आज तोही गेला. इंजिन बंद केलं तेव्हा जंगलाच्या बाजूनं एक कोतवाल पक्षी तेवढा ओरडत होता.

रविवारी फोन आला नाही.

होळी झाली. आनंदाबाईनं कुंपणावरून पुरणाच्या पोळ्या दिल्या. "पोरगा येणार होता ना?"

"काम आहे त्याले."

"गाडी केली का उंच?"

"पायदान केलं."

आनंदाबाईनं गाडीकडे पाहिलं. टोमणा तिच्या ओठावर आला असणार, पण तिनं तो गिळला. "तूप लावून खा," म्हणाली आणि गेली. आनंदाबाईनं टोमणा गिळावा, यापेक्षा तिनं मारलेला परवडला असता.

पुढचा रविवारही तसाच गेला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. डोमाजींनी फोनची रिंग चालू आहे ना ते पाहिलं, चार्जिंग पाहिलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मुलाला फोन लावला. तयारी करून. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं, "टायर कोणते घ्यावे?" टायर गेल्याच वर्षी नवे टाकले होते.

पहिल्या रिंगलाच उचलला गेला. "बाबा? काय झालं?" आवाज घाबरा. या घरातून स्वतःहून फोन गेला होता तो एकदाच, श्रावणात, आणि तो आनंदाबाईनं केला होता.

"काही नाही झालं. बरा आहे?"

"हो... तुमी?"

"बराच आहो."

आता टायर विचारायचे. कागद समोर होता. डोमाजींनी तो वाचला आणि पालथा घातला.

"पायदान नाही कापलं," ते म्हणाले. "वर घेतलं. कुबड्यावर आता लागत नाही. पण तुझ्या मायले नसतं चढता आलं त्यावर. शिव्या देल्या असत्या तिनं."

पलीकडून चाकणच्या रस्त्याचा आवाज येत होता.

मग भूपेंद्र म्हणाला, "चंद्रकुमारले देल्या असत्या. तुमाले नाही." मग म्हणाला, "किती वर घेतलं?"

"चार बोटं म्हणत होता."

"तसं नाही. जमिनीपासून आता किती आहे?"

"मोजलं नाही."

"मोजा मग. रिकामी आहे ना गाडी?"

"रिकामीच आहे. पोते गेले केंद्रावर."

"मी आहो. मोजून सांगा."

टेप आता घरात नवी होती. चंद्रकुमारनं दिली होती. डोमाजींनी ती घेतली नाही. चालू फोन ओट्यावर ठेवला, आतून पायली आणली, पायदानाखाली पालथी घातली आणि वर राहिलेल्या फटीत एक एक बोट सरकवत गेले. अंगणात ऊन चढलं होतं. गुडघ्यांवर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. परत येऊन फोन उचलला तेव्हा पलीकडे कोणी असेल याची त्यांना खात्री नव्हती.

"आहेस का?"

"आहो."

"लाभ," डोमाजी म्हणाले, "आणि दोन बोटं."